रकानाच नव्हता, तर आकडा कुठून येणार?

तुमचा भाच्याशी झालेला वाद थोडक्यात असा. तुम्ही म्हणता, अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे ५०.४ गुण काढले. मायकल जॉर्डनचा सगळ्यात मोठा हंगाम ३७.१ चा, लेब्रॉन जेम्सचा ३१.४ चा. मग सर्वश्रेष्ठ कोण, यात वाद घालायला उरलंच काय? भाचा म्हणतो, विल्टच्या समोर होते ते बुटके, उन्हाळ्यात दुसऱ्या नोकऱ्या करणारे लोक. आजच्या एनबीएत तो बाकावर बसला असता. आणि तुम्ही विचारलंय की वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करायची काही सरळ पद्धत आहे का.

सरळ नाही. वाकडी आहे, आणि ती बऱ्यापैकी चालते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी किती पाण्यात आहे ते कळेल. मी नागपुरात गेली तीस वर्षं सामन्यांच्या टेबलवर बसतो. स्कोअरशीट भरणं, फाउलच्या पाट्या दाखवणं, शॉट क्लॉक सांभाळणं हे काम. मधली काही वर्षं शाळेच्या पोरांना शिकवलंही. एनबीएशी माझा संबंध पहाटे उठून टीव्ही लावण्याइतकाच. पण आकडा जन्माला कसा येतो, हे मी टेबलवर बसून पाहिलंय. त्यामुळे कुणी मला ५०.४ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती संधींमधून?

त्याही आधी एक गोष्ट. तुम्ही दोघं एकाच प्रश्नावर भांडतच नाही आहात. तुमचा प्रश्न आहे, आपल्या काळात कोणी जास्त केलं? भाच्याचा प्रश्न आहे, आज मैदानात उतरवलं तर कोण टिकेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्या ५०.४ ने त्याचं म्हणणं खोडलं जात नाही, आणि त्याच्या ‘बुटक्या’ लोकांनी तुमचं. मी तुमच्या प्रश्नाला जास्त वेळ देणार आहे, कारण त्याला उत्तर आहे. भाच्याच्या प्रश्नाला अंदाज आहे.

तर संधी. सन २००० मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलले. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग जाऊन दहा मिनिटांचे चार क्वार्टर आले, आणि शॉट मारायची मुदत ३० सेकंदांवरून २४ वर आली. आमच्याकडे नियम आधी आला, यंत्र नंतर. कित्येक सामने मी हातात स्टॉपवॉच धरून आणि घसा फोडून काढलेत. पण शीट भरताना फरक लगेच जाणवला. तीच पोरं, तेच मैदान, एकूण वेळही तेवढीच चाळीस मिनिटं, आणि तरी रकाने आधीपेक्षा लवकर भरत होते. पोरं रातोरात सुधारली नव्हती. चेंडू जास्त वेळा इकडून तिकडे जात होता.

एका संघाकडे चेंडू आला आणि गेला, याला आपण कबड्डीतल्यासारखी एक चढाई म्हणू. १९६१-६२ मध्ये एनबीएत ४८ मिनिटांत एका संघाच्या वाट्याला सुमारे १२६ चढाया यायच्या. हा आकडा नंतर मागे जाऊन काढलेला आहे, कारण चेंडू गमावल्याची नोंद तेव्हा ठेवत नसत. १९९०-९१ मध्ये, म्हणजे जॉर्डनने पहिलं विजेतेपद घेतलं त्या हंगामात, त्या ९८ च्या आसपास होत्या. दुसरं म्हणजे विल्ट त्या हंगामात सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला. हो, सामना ४८ मिनिटांचा असूनही, कारण काही सामने जादा वेळेत गेले. पूर्ण हंगामात तो जेमतेम आठ मिनिटं बाहेर होता. जॉर्डन १९९०-९१ मध्ये ३७ मिनिटं खेळायचा आणि ३१.५ गुण काढायचा.

आता कच्चं गणित करू. विल्टचे ५०.४ गुण ३७ मिनिटांवर आणले तर साधारण ३८.५ होतात. तेच पुढे १२६ ऐवजी ९८ चढायांवर आणले तर उरतात ३० च्या जरा आत. म्हणजे ज्या दोन हंगामांत तुम्हाला एकोणीस गुणांची दरी दिसत होती, ते हंगाम शेजारी येऊन बसले. जॉर्डन किंचित पुढेच आहे.

आता माझ्याच गणितावर मी शंका घेतो, नाहीतर भाचा घेईल. मिनिटं कापणं हा विल्टवर अन्याय आहे. सात फुटांहून उंच माणसाने ८० सामने जवळजवळ न थांबता खेळणं, हाच त्याच्या पराक्रमाचा अर्धा भाग होता, आणि तो मी भागाकारात उडवून लावला. शिवाय ३७ मिनिटं खेळला असता तर तो प्रत्येक मिनिटाला ताजा असता. उलट बाजूने पाहिलं तर त्याला चेंडू द्यायचा, सतत द्यायचा, असं त्याच्या संघाने ठरवलेलंच होतं. तो सामन्यामागे ३९ च्या वर शॉट मारायचा. त्यामुळे मी हे गणित निकाल म्हणून मांडत नाही. कच्चा आकडा किती फुगू शकतो, तेवढं दाखवायला मांडतो.

हाच प्रकार रिबाउंडचा, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याचा, आणि तिथे गंमत जास्त आहे. ऑस्कर रॉबर्टसनने त्याच १९६१-६२ मध्ये ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट (ज्यावर बास्केट होतं असे पास) अशी सरासरी ठेवली. पुढची ५५ वर्षं हंगामभर ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही रकान्यांत दहाच्या वर सरासरी, कुणाला जमलं नाही. मग २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रूकने ३१.६, १०.७ आणि १०.४ केलं. वरवर पाहिलं तर रिबाउंडमध्ये ऑस्कर पुढे. पण रिबाउंड मिळायला आधी कुणाचा तरी शॉट चुकावा लागतो. ऑस्करच्या हंगामात एक संघ सामन्यात १०८ च्या आसपास शॉट मारायचा आणि शंभरातले ४३ आत जायचे. चुकलेले झाले साधारण ६२. वेस्टब्रूकच्या हंगामात शॉट ८५ आणि चुकलेले ४६ च्या आसपास. त्यातून ऑस्कर ४४ मिनिटं खेळायचा, वेस्टब्रूक ३५ सुद्धा नाही. दोघं मैदानावर असताना जेवढे रिबाउंड उपलब्ध होते, त्यातला वाटा काढला तर ऑस्करचा दहा टक्क्यांच्या आत येतो आणि वेस्टब्रूकचा सतरा टक्क्यांवर. जवळजवळ दुप्पट!

पण थांबा. वेस्टब्रूकचे सामने पाहिलेत का? स्टीव्हन अ‍ॅडम्ससारखा धिप्पाड सेंटर समोरच्याला अंगाने अडवून ठेवायचा आणि चेंडू मुद्दाम वेस्टब्रूकसाठी सोडायचा, म्हणजे त्याला लगेच धावता यावं. ही चलाखी होती, लबाडी नव्हे. पण त्या सतरा टक्क्यांत अ‍ॅडम्सची पाठ आहे आणि तिला शीटवर रकाना नाही. असिस्टचं तर विचारूच नका. असिस्ट हे टेबलवरच्या माणसाचं मत असतं. पास घेऊन पोराने दोन ड्रिबल मारले आणि मग बास्केट केलं, तर असिस्ट द्यायचा की नाही? मी आणि माझा टेबलवरचा जोडीदार यावर तीस वर्षं भांडतोय. साठच्या दशकात हात बराच आखडता असे, असं जुने लोक सांगतात. तसं असेल तर ऑस्करचे ११.४ आजच्या हिशोबाने आणखी जड होतात.

आता मुद्दा रकान्यांचा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि वादात सहसा कुणी काढत नाही. एनबीएत ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ मध्ये. बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला, विल्ट १९७३ मध्ये. म्हणजे शॉट अडवण्याची कला ज्या दोघांनी उभी केली, त्यांच्या नावावर अधिकृत ब्लॉक किती? शून्य. जेरी वेस्ट चौदा हंगाम खेळला. त्याच्या शेवटच्या हंगामात स्टीलचा रकाना आला. दुखापतींमुळे तो ३१ सामनेच खेळला, वय ३५, आणि तरी सामन्यामागे २.६ स्टील. विशीतल्या वेस्टने किती चोरले असतील? तो हिशोब कुठेच नाही. म्हणून ‘सर्वकालीन’ नावाची कुठलीही यादी समोर आली की आधी बघायचं, रकाना कधी उघडला. तीन गुणांची रेषाच मुळात १९७९-८० पासूनची आहे. करीम अब्दुल-जब्बारने ३८,३८७ गुण काढले, ज्यांना लेब्रॉनने फेब्रुवारी २०२३ मध्ये मागे टाकलं. करीमच्या त्या डोंगरात तीन गुणांचं बास्केट एकच आहे.

नियमांबद्दल घरचाच अनुभव सांगतो. २०१० मध्ये तीन गुणांची आंतरराष्ट्रीय रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. आमच्या मैदानावर जुनी रेषा खरवडून नवी मारली तेव्हा एक पोरगा होता, रेषेबाहेरून डोळे मिटून टाकायचा. अर्धा मीटर तो काय! पण त्या मोसमात त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटत राहिले. आता जॉर्डनकडे बघा. एनबीएने १९९४-९५ पासून तीन हंगाम आपली रेषा जवळ आणली होती. त्यातल्या १९९५-९६ मध्ये जॉर्डनचे तीन गुणांचे ४२.७ टक्के शॉट आत गेले, पुढच्या हंगामात ३७.४. मग रेषा पूर्वीच्या जागी गेली आणि १९९७-९८ मध्ये त्याचे टक्के झाले २३.८. माणूस तोच, संघ तोच, विजेतेपदही मिळालं. आकडा मात्र रंगाच्या डब्याबरोबर हलला.

‘जॉर्डनच्या काळात बचाव कडक होता, आता हात लावला तरी शिट्टी’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या कमरेवर हात टेकवून त्याला रोखणं नव्वदच्या दशकात बऱ्यापैकी चालायचं. २००४-०५ पासून त्यावर सक्ती झाली आणि चपळ गार्डना मोकळं रान मिळालं. पण २००१ पर्यंत एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, मनाई होती, हे कुणी सांगत नाही. जॉर्डन एका बाजूला चेंडू घेऊन उभा राहिला की बाकीच्या बचावपटूंना आपापला माणूस सोडून बास्केटखाली दबा धरून बसता येत नसे. लेब्रॉनच्या कमरेवर हात नव्हता, पण रस्त्यात दोन माणसं जास्त उभी होती. कोणतं कठीण? मला विचाराल तर ते खेळाडूवर अवलंबून आहे. पास देणाऱ्याला झोन फोडता येतो, एकट्याने भिडणाऱ्याला तो जास्त खटकतो. याहून ठाम कुणी सांगत असेल तर तो त्याच्या लाडक्या खेळाडूचा वकील आहे.

भाच्याच्या ‘बुटक्यां’कडे येऊ. १९६१-६२ मध्ये एनबीएत नऊ संघ होते, आज तीस आहेत. नऊ संघ म्हणजे शंभरेक खेळाडू, आणि त्या शंभरात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संख्येवर अलिखित मर्यादा होती, परदेशी तर जवळपास नव्हतेच. त्या अर्थाने भाचा बरोबर: निवड छोट्या डबक्यातून होत होती. आज डबकं नाही, समुद्र आहे; निकोला योकिचसारखा सर्बियाचा माणूस तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरतो. पण छोट्या लीगचा दुसरा अर्थही घ्या. संघ नऊच असल्यामुळे तेच तेच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर यायचे. विल्ट आणि रसेल कारकिर्दीत १४० हून जास्त वेळा भिडले. आज दोन वेगळ्या विभागांतले तारे नियमित हंगामात दोनदा भेटतात. आणि अर्धवेळाचं म्हणाल तर एल्जिन बेलरचं उदाहरण द्या भाच्याला. १९६१-६२ मध्ये तो लष्कराच्या राखीव दलात सेवेवर होता. सुट्टी मिळेल तसा, बहुतेक शनिवार-रविवारी, विमानाने येऊन खेळायचा. ४८ सामने, सरासरी ३८.३. सराव जवळपास शून्य. हे ‘अर्धवेळ’ म्हणून हिणवायचं की काय म्हणायचं, ते त्याने ठरवावं.

मग या सगळ्या गोंधळात मी स्वतः काय पाहतो? मी पाहतो की त्याच मैदानावर कोपरं खाल्लेले लोक काय म्हणत होते. त्या काळी सर्वोत्तम खेळाडूची निवड पत्रकार करत नसत, खेळाडूच मत देत. आणि १९६१-६२ मध्ये, एकाने ५०.४ ची सरासरी ठेवली आणि दुसऱ्याने ट्रिपल-डबल केलं त्या हंगामात, खेळाडूंनी निवडलं बिल रसेलला. त्याचे गुण १८.९. विल्ट दुसरा, ऑस्कर तिसरा. मला हा निकाल हजार आकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. ज्यांना रोज या तिघांसमोर उभं राहायचं होतं, त्यांना सगळ्यात जास्त अडचण कोणाची व्हायची, ते त्यांनी लिहून दिलंय. त्या वर्षीच्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत रसेलच्या बॉस्टनने विल्टच्या फिलाडेल्फियाला सातव्या सामन्यात १०९-१०७ असं हरवलं, ते पाहता त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं.

आणि विल्टलाही हे उमगलं, हे त्याचे चाहते विसरतात. १९६६-६७ मध्ये अ‍ॅलेक्स हॅनम प्रशिक्षक असताना त्याने शॉट कमी केले. गुण २४.१ वर आले, असिस्ट ७.८ वर गेले, आणि मारलेल्या शॉटपैकी ६८ टक्के आत. संघ ६८ जिंकला, १३ हरला, बॉस्टनची सलग विजेतेपदांची मालिका तोडली आणि विजेता झाला. ५० च्या निम्म्याहून कमी गुणांचा हा हंगाम मी त्याच्या ५०.४ च्या वर ठेवतो. तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण टेबलवर बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

अंगठ्या, म्हणजे विजेतेपदं, मोजण्याबद्दल फार लिहीत नाही. रसेलच्या तेरा हंगामांत अकरा, जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार. रसेलला सुरुवातीच्या वर्षांत दोन मालिका जिंकल्या की विजेतेपद मिळायचं, जॉर्डनला चार जिंकाव्या लागल्या. उलट रसेल सातव्या, निर्णायक सामन्यांत दहापैकी दहा जिंकला, हे लीगच्या आकाराने पुसलं जात नाही. अंगठी संघाची असते. ती खेळाडूच्या बोटात मोजायची तर संघात आणखी कोण होतं तेही मोजा.

राहिला भाच्याचा कालयंत्राचा प्रश्न. इथे लोक एक हातचलाखी करतात: विल्टला १९६२ चे कापडी बूट, १९६२ चा डॉक्टर आणि १९६२ चा व्यायाम यांसकट आजच्या मैदानात आणतात, आणि लेब्रॉनला मात्र आजच्या शरीरासकट तिकडे पाठवतात. न्याय करायचा तर दोघांना एकमेकांच्या काळात जन्माला घाला. मग लेब्रॉनला साध्या प्रवासी विमानाने फिरायला लागेल, आणि १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला रसेल आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना हॉटेलात जेवण नाकारलं गेलं, तसं त्यालाही नाकारलं जाईल. (त्यांनी सामना न खेळता परतीचं विमान धरलं होतं.) त्याची ड्रिबलही त्या काळच्या रेफ्रींनी चालू दिली नसती. आजकालची ड्रिबल पाहून माझ्या पिढीच्या रेफ्रीचा हात अजून आपोआप शिट्टीकडे जातो. आणि विल्टला इथे जन्माला घातलं, तर तरुणपणी मध्यम पल्ल्याची धाव आणि उंच उडी दोन्ही करणारा सात फुटी माणूस आजची जिम आणि आजचा आहार घेऊन उभा राहील. बाकावर? मला नाही वाटत.

मग माझं मत. एका हंगामाचा, चेंडू शेवटी कुणाच्या हातात द्यायचा असा खेळाडू म्हणून जॉर्डन. वीसहून जास्त वर्षं त्या पातळीवर टिकणं, हा निकष धरला तर लेब्रॉन, आणि तिथे दुसरा करीम. आपल्या काळातल्या लोकांना ज्याने सगळ्यात जास्त छळलं तो रसेल. विल्ट या तिन्ही याद्यांत वर आहे, पण एकाही यादीत पहिला नाही.

आणि त्याला पहिलं व्हायला अडवलं ते काळाने नव्हे, असं मला वाटतं. २ मार्च १९६२ ला हर्शी गावात त्याने शंभर गुण केले, तेव्हा फाउलनंतर मिळणाऱ्या ३२ फ्री थ्रोपैकी २८ घातले होते. त्या हंगामात तो फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून टाकायचा, आणि वर्षाची सरासरी ६१ टक्क्यांवर गेली, त्याची आयुष्यातली सगळ्यात चांगली. मग ते बायकी दिसतं म्हणून त्याने सोडलं. चूक होती हे ठाऊक असूनही सोडलं, असं नंतर स्वतःच कबूल केलं. १९६७-६८ मध्ये तो ३८ टक्क्यांवर आला. त्याच पद्धतीने टाकणाऱ्या रिक बॅरीने कुणी हसो न हसो, सुमारे ९० टक्के राखले.

तेव्हा भाच्याला सांगा, विल्ट आजच्या कुठल्याही संघात पहिल्या पाचात खेळेल. फक्त शेवटची दोन मिनिटं उरली असतील, आपण दोन गुणांनी पुढे असू आणि समोरचे मुद्दाम फाउल करायला टपले असतील, तर मी प्रशिक्षक म्हणून त्याला बाहेर बोलावीन. तेवढ्या दोन मिनिटांपुरता तुमचा भाचा जिंकला.